अमेरिकेत विम्याचं कार्ड असूनही बिल का येतं आणि ओबामाकेअरने नेमकं काय बदललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला नोकरीसाठी आलात, कंपनीने विमा दिला, मुलाचं मनगट मोडलं म्हणून रात्री इमर्जन्सीत गेलात आणि दीड महिन्याने 2,220 डॉलरचं बिल घरी आलं. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळात 2010 मध्ये झालेला आरोग्यविम्याचा कायदा, आल्यावर हे प्रकार थांबले नव्हते का, असं तुम्ही विचारताय. शिवाय उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचं काय करायचं?

मी न्यू जर्सीत आधी रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये आणि नंतर क्लेमच्या बाजूला बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओबामाकेअरने विमा मिळण्यातले अडथळे बरेचसे काढले. मिळालेल्या विम्यात तुमच्या खिशातून किती जावं, याला त्याने वरची एक मर्यादा घातली, पण ती फार उंच आहे. आणि विमा नोकरीला बांधलेला असणं, जे या सगळ्याच्या मुळाशी आहे, त्याला त्याने हात लावला नाही. तुमचं बिल, नोकरी गेली तर काय ही भीती आणि आई-बाबांचा प्रश्न, तिन्ही तिथूनच निघतात.

आधी बिल. रुग्णालयाचा दर छापील असतो, त्याला आमच्या धंद्यात चार्जमास्टर म्हणतात, आणि तो कोणीच पूर्ण भरत नाही. समजा त्या रात्रीचे 6,800 डॉलर लावले. विमा कंपनीचा त्या रुग्णालयाशी करार असतो, त्यात त्याच कामाचे 3,100 ठरलेले असतात. हा अलाउड अमाउंट. वरचे 3,700 हवेत विरतात, ते कोणीही कोणाला देत नाही. आता 3,100 मधून तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम, समजा 2,000. उरले 1,100, त्याचे 20 टक्के को-इन्शुरन्स म्हणून तुमचे, म्हणजे 220. झाले 2,220. विमा कंपनीने दिले 880. हिशेबात चूक काहीच नाही, आणि त्रासही त्याचाच आहे.

तरीही बिल आल्या आल्या पैसे भरू नका. विमा कंपनीकडून एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स नावाचा कागद येतो, त्यावर हे बिल नाही असं ठळक छापलेलं असतं म्हणून लोक तो फेकून देतात. तोच जपा. त्यातला तुमच्या वाट्याचा आकडा आणि रुग्णालयाच्या बिलाचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर रुग्णालयाला फोन करून आयटमाइज्ड बिल मागा, म्हणजे प्रत्येक ओळीला कोड असलेलं. इमर्जन्सीच्या भेटीला 1 ते 5 अशी तीव्रतेची पायरी लावतात आणि दर पायरीला भाव चढतो. मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरला वरची पायरी लावली असेल तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

इमर्जन्सीतला डॉक्टर किंवा एक्स-रे वाचणारा रेडिओलॉजिस्ट नेटवर्कबाहेरचा, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार नसलेला, होता म्हणून वेगळं बिल आलं असेल, तर ते देऊ नका. 1 जानेवारी 2022 पासून नो सर्प्रायझेस अॅक्ट लागू आहे. इमर्जन्सीत, तसंच नेटवर्कमधल्या रुग्णालयात तुम्ही न निवडलेल्या नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरसाठी, नेटवर्कमधल्या दरापेक्षा जास्त वाटा तुमच्याकडून घेता येत नाही. या कायद्यात हवाई अॅम्ब्युलन्स आहे, रस्त्यावरची नाही. ज्या गाडीची लोकांना खरोखर गरज पडते तीच नेमकी वगळली, हे मला आजही पटत नाही.

आता एक गोष्ट, जी बहुतेक नोकरदारांना माहीत नसते. तुमच्या कार्डावर मोठ्या विमा कंपनीचं नाव आहे, पण पैसे बहुधा तिचे नाहीत. अमेरिकेत कंपनीचा विमा असलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक सेल्फ-फंडेड योजनेत आहेत. म्हणजे क्लेमचे पैसे तुमची कंपनीच देते, विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. अशा योजनांना 1974 चा एरिसा नावाचा केंद्रीय कायदा लागतो, राज्याचे विमा कायदे लागत नाहीत. क्लेम नाकारला म्हणून ट्रेंटनला राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केलीत तर हे आमच्याकडे येत नाही असं उत्तर येईल. अशा वेळी एचआरमध्ये बेनिफिट्स बघणाऱ्या व्यक्तीला गाठा, कारण तिजोरी तिच्याकडे आहे. त्यानंतर केंद्राचं कामगार खातं. नकार आल्यापासून अपिलाला 180 दिवस मिळतात. आतलं अपील फेटाळलं आणि वाद वैद्यकीय गरजेचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. हा हक्क सर्वांना दिला तो ओबामाकेअरने. अपील फार थोडे लोक करतात, आणि क्लेमच्या टेबलावर बसलेल्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

नोकरी आणि विम्याची ही गाठ कोणी ठरवून मारलेली नाही. 1929 मध्ये डॅलसच्या बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी योजना काढली: महिन्याला 50 सेंट भरा, वर्षात 21 दिवस रुग्णालयात राहण्याचा खर्च आमचा. ब्लू क्रॉस या मोठ्या विमा योजनेचं बीज तेच. मग युद्ध आलं. 1942 मध्ये महागाई रोखायला सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सवलतींना त्यातून सूट दिली. माणसं मिळत नव्हती, पगार वाढवता येत नव्हता, म्हणून कारखान्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. 1954 च्या आयकर कायद्याने पक्कं केलं की मालकाने भरलेला हप्ता कामगाराचं करपात्र उत्पन्न धरायचा नाही. इथे गाठ घट्ट बसली. एक डॉलर पगार दिला तर त्यावर कर, तोच डॉलर विम्यात दिला तर करमुक्त. मग कोणती कंपनी पगार देईल?

अध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर 1945 मध्ये सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला समाजवादी वैद्यक म्हणून झोडपलं आणि तो बारगळला. पुढे निम्म्याहून अधिक देशाला नोकरीतून विमा मिळत गेला आणि आहे ते हलवू नका म्हणणारा मोठा मध्यमवर्ग तयार झाला. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा या वर्गाला वळसा घालून गेली. 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी विमा योजनांच्या कायद्यावर सही केली, ती ट्रुमन यांच्या गावी जाऊन, आणि पहिलं मेडिकेअर कार्ड त्यांनाच दिलं. पण मेडिकेअर 65 वर्षांवरच्यांसाठी आणि मेडिकेड गरिबांसाठी, म्हणजे नोकरीत बसत नव्हते त्यांच्यासाठी. 1997 मध्ये मुलांसाठी चिप नावाची विमा योजना आली. एकाच वाड्यात प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, तशी ही व्यवस्था झाली. 1993-94 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सगळंच नव्याने रचायचा प्रयत्न केला, तो सभागृहात मतदानापर्यंतही पोचला नाही.

ओबामांच्या माणसांनी त्यातून घेतलेला धडा हाच होता की ज्यांच्याकडे विमा आहे त्यांना घाबरवायचं नाही. 23 मार्च 2010 रोजी सही झालेल्या कायद्याची सगळी रचना मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आणलेल्या योजनेच्या जवळची होती. सरकारी विम्याचा एक पर्याय खासगी कंपन्यांच्या शेजारी ठेवायचा विचार होता. सिनेटमध्ये 60 मतं लागत होती आणि कनेटिकटचे सिनेटर जो लिबरमन आडवे आले. त्यांच्याच राज्यात हार्टफर्डला विमा कंपन्यांची जुनी ठाणी आहेत. पर्याय गळाला.

उरलं तेही थोडं नव्हतं. 2014 च्या आधी स्वतःहून विमा घ्यायला गेलेल्या माणसाला मधुमेह असेल तर बहुतेक राज्यांत सरळ नकार मिळायचा, किंवा मधुमेह सोडून बाकी सगळं असा विमा. हे बंद झालं. क्लेमवरची आजन्म मर्यादा गेली. पूर्वी कॅन्सरचा रुग्ण 10 लाख डॉलरला पोचला की विमा संपायचा, अशा फाइली माझ्या हातातून गेल्या आहेत. मुलं 26 वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू लागली. वैयक्तिक आणि लहान गटांच्या विम्यात हप्त्यातले किमान 80 टक्के आणि मोठ्या गटांत 85 टक्के उपचारांवर खर्च करायचं बंधन आलं, नाही तर फरक परत करायचा. विमा नसलेल्यांचं प्रमाण 2010 च्या सुमारास 16 टक्क्यांच्या आसपास होतं, ते अलीकडे 8 टक्क्यांवर आलं. माझ्या मते मेडिकेअरनंतरची ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी बिलिंगच्या खिडकीशी आधीचं जग पाहिलंय ते बहुधा माझ्याशी सहमत होतील.

पण भगदाडं राहिली. कायद्याने खिशातल्या खर्चाला घातलेली मर्यादा 2026 साली एका माणसाला 10,600 आणि कुटुंबाला 21,200 डॉलर आहे. नेटवर्कमधला खर्च त्यापुढे विमा कंपनीचा. मोठ्या आजारात ही मर्यादा घर वाचवते. मनगट मोडलं तर तिचा उपयोग शून्य.

दुसरं भगदाड न्यायालयाने पाडलं. कायद्यात गरिबी रेषेच्या 138 टक्क्यांपर्यंतच्या सर्वांना मेडिकेड मिळणार होतं. 28 जून 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमा घेण्याची सक्ती कर म्हणून उचलून धरली, पण मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. न्यू जर्सीने वाढवलं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया धरून दहा राज्यांनी ते आजही पूर्ण स्वीकारलेलं नाही. आता गंमत बघा. नोकरीतून विमा नसलेल्यांसाठी या कायद्याने मार्केटप्लेस, म्हणजे विम्याचा सरकारी बाजार, काढला; तिथल्या विम्याच्या हप्त्यावरचं अनुदान गरिबी रेषेच्या 100 टक्क्यांपासून वर सुरू होतं, कारण खालचे सगळे मेडिकेडमध्ये असणार असं कायदा लिहिताना गृहीत होतं. त्यामुळे टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये एकट्या राहणाऱ्या, वर्षाला 14,000 डॉलर मिळवणाऱ्या माणसाला मेडिकेड नाही आणि अनुदानही नाही. त्याच माणसाने 17,000 मिळवले तर अनुदान आहे.

राजकारणाचं आवरतं घेते. 28 जुलै 2017 च्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी अंगठा खाली करून विरोधी मत दिलं आणि ओबामाकेअर रद्द करण्याचा प्रयत्न 49 विरुद्ध 51 असा पडला. त्याच वर्षाच्या शेवटी सक्तीचा दंड 2019 पासून शून्यावर आणला गेला. न्यू जर्सीने मात्र 2019 पासून स्वतःची सक्ती आणली. राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये विमा होता का, हे विचारतात, ते भरताना विसरू नका. 2021 मध्ये अनुदान वाढवलं, हप्ता उत्पन्नाच्या 8.5 टक्क्यांपुढे जाणार नाही असं केलं. ही वाढ 31 डिसेंबर 2025 ला संपली. 2025 च्या शरद ऋतूत 43 दिवस केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं, त्यातला मुख्य वाद हाच होता. 2026 च्या हिशेबात एकट्या माणसाचं उत्पन्न 62,600 च्या किंवा चौघांच्या कुटुंबाचं 1,28,600 च्या, म्हणजे गरिबी रेषेच्या 400 टक्क्यांच्या, वर एक डॉलर जरी गेलं तरी अनुदान पूर्ण बंद. स्वतःचा छोटा धंदा करणारे पन्नाशी-साठीतले लोक यात सर्वांत जास्त सापडतात, कारण वयामुळे त्यांचा हप्ता तरुणांच्या तिप्पटीपर्यंत असू शकतो.

तुमच्याशी थेट संबंध येतो तो 4 जुलै 2025 च्या कायद्याचा. त्यातल्या मेडिकेडसाठी महिन्याला 80 तास कामाच्या अटीचीच चर्चा जास्त झाली. पण 1 जानेवारी 2027 पासून बाजारातल्या विम्याचं अनुदान मोजके अपवाद सोडता नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच मिळेल. एच-1बी हा नोकरीचा व्हिसा असलेल्यांना आजवर उत्पन्नाच्या अटीत बसल्यास ते मिळत होतं, ते बंद होईल. नोकरी गेली की विमाही जातो, आणि एच-1बीवर साधारण 60 दिवसांत दुसरी नोकरी शोधायची असते. म्हणजे पगार, विमा आणि राहण्याची परवानगी तिन्ही एका दिवशी हलतात. एरवी अमेरिकन माणसाचे यातले दोनच धागे तुटतात.

अशा वेळी कोब्रा नावाचा कायदा कामाला येतो. 20 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला जुनाच विमा 18 महिन्यांपर्यंत चालू ठेवू द्यावा लागतो, पण मालकाचा वाटाही तुम्ही भरायचा आणि वर 2 टक्के. 2025 मध्ये कंपनीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 26,993 डॉलर होता, म्हणजे महिन्याला 2,300 च्या घरात. एवढे पैसे बेकारीत कोण देणार? इथे एक बारकावा आहे. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात आणि घेतला तर तो विमा संपल्याच्या दिवसापासून लागू होतो. त्यामुळे त्या 60 दिवसांत काही झालं नाही तर न घेता राहता येतं, आणि झालं तर मागचे हप्ते भरून घेता येतो. नोटीस आलेलं पाकीट मात्र तारखेसकट जपा. गेट कव्हर्ड न्यू जर्सी या राज्याच्या बाजारातही विमा गेल्यापासून 60 दिवस खास मुदत मिळते.

आता आई-बाबा. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना तुमच्या कंपनीच्या विम्यात घालता येत नाही. मेडिकेअर आणि मेडिकेडचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी जो व्हिजिटर्स इन्शुरन्स मिळतो तो ओबामाकेअरच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे आधीपासूनचा आजार वगळणं तिथे पूर्ण कायदेशीर आहे. स्वस्त योजना फिक्स्ड बेनिफिट असतात: रुग्णालयातल्या एका दिवसाला अमुक डॉलर, बाकी तुमचे. सत्तरीच्या माणसासाठी ती घेणं म्हणजे जवळजवळ न घेणंच. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, ज्यात डिडक्टिबलनंतर पहिल्या 5,000 डॉलरचे 80 टक्के आणि पुढे कमाल रकमेपर्यंत 100 टक्के अशी रचना बहुधा असते.

विकणारा सांगेल की यात प्री-एक्झिस्टिंगची अॅक्यूट ऑनसेट कव्हर आहे. ते कलम शब्दन् शब्द वाचा. त्याचा अर्थ साधारण असा की जुना आजार अचानक, कोणतंही आधीचं लक्षण नसताना उफाळला आणि 24 तासांच्या आत उपचार घेतले तरच पैसे. बाबांना बीपी आहे, दोन दिवस छातीत जड वाटत होतं, तुम्हाला त्रास नको म्हणून ते बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी इमर्जन्सीत गेलात, तर क्लेम तिथेच अडतो, कारण दोन दिवसांचं दुखणं डॉक्टर केस पेपरवर लिहितोच. वयानुसार या कलमाची रक्कमही घटते, आणि काही योजनांत सत्तरीनंतर ते लागूच होत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांकडून औषधांची यादी आणि चिठ्ठी इंग्रजीत घेऊन यायला सांगा, मुक्काम पुरेल एवढी औषधं सोबत, आणि पॉलिसी विमानात बसण्याच्या दिवसापासून. भारतातून काढलेली प्रवास पॉलिसीही चालते, पण इथल्या रुग्णालयाचं तिच्याशी थेट काम नसलं तर बिल तुमच्या पत्त्यावर येतं आणि पाठपुरावा तुमचा.

सर्दी-ताप, जुलाब, पाय मुरगळणं यासाठी अर्जंट केअरला न्या, इमर्जन्सीला नको, खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो. पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं असं काही दिसलं तर विम्याचा विचार न करता 911 ला फोन करा. 1986 च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभागाला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे आहेत का ते नंतर. नंतर बिल येईलच, तेव्हा फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज मागा. ना-नफा रुग्णालयांना असं धोरण ठेवणं बंधनकारक आहे आणि पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत आलेला अर्ज त्यांना बघावा लागतो. ठरवून करायच्या उपचारांसाठी, विमा नसेल तर आधी लेखी गुड फेथ एस्टिमेट घ्या. बिल त्याहून 400 डॉलर किंवा अधिक निघालं तर वाद दाखल करता येतो.

ग्रीन कार्ड काढून त्यांना कायमचं आणायचा विचार असेल तर आधी हिशेब मांडा. मेडिकेअर विकत घ्यायला 65 वर्षं वय आणि सलग 5 वर्षं वास्तव्य लागतं. इथे 10 वर्षं नोकरी झालेली नसल्याने 2026 च्या दराने रुग्णालयाचा भाग महिन्याला 565 आणि डॉक्टरांचा 202.90 डॉलर, माणशी. पहिल्या पाच वर्षांत बहुतेक राज्यांत मेडिकेड नाही. स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नसलेल्या अशा आईवडिलांना बाजारातल्या विम्यावर जे अनुदान मिळायचं, तेही 1 जानेवारी 2026 पासून गेलं. तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये ते अवलंबून म्हणून असतील तर उत्पन्न तुमचं धरलं जातं, आणि वर सांगितलेल्या 400 टक्क्यांच्या रेषेखाली असाल तर अनुदानाची वाट उघडी राहते. अर्ज भरण्याआधी टॅक्सवाल्याला हे विचारा, एजंटला नाही.